लेकराशी बोलायचं, तेही शिकायचं?

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत सूनबाईला पालक सभेला बोलावलं होतं. ताईंनी दोन तास सांगितलं, लेकराशी बोला, त्याच्याकडं बघून बोला, काही विचारलं की थांबा. नातू 16 महिन्यांचा आहे, चार-पाच शब्द बोलतो. मी पाच लेकरं वाढवली, एकाही सभेला गेले नाही. पाचही बोलतात, धाकटा तर दुसऱ्याला बोलू देत नाही. मग लेकराशी कसं बोलायचं हे आता आईबापाला शिकवावं लागतंय, ते का? सून कानडी मुलखातली आहे, ती त्याच्याशी कानडीत बोलते. त्यानं लेकराचा गोंधळ होईल का? मोबाइलवर मराठी गाणी लावून दिली तर शब्द लवकर येतील का? शेजारीण म्हणते, जिभेला वेखंड लावा. काय करावं?
– एक आजी, उमरगा तालुका

उत्तर : आजी, पाच लेकरं वाढवलेल्या बाईला दोन तासांच्या सभेचं अप्रूप वाटू नये, हे साहजिक आहे. तुमचं कोडं असं आहे : मूल आपसूक बोलायला लागतं, हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलंय, मग मध्येच हे प्रशिक्षण कुठून आलं? यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. बोलता येणं ही एक आणि भाषा भरपूर येणं ही दुसरी. त्या वेगळ्या केल्या की कोडं सुटतं.

पहिल्या गोष्टीत तुमचंच बरोबर आहे. बोलायला कुणी धडे देऊन शिकवत नाही. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येत असतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया लोकांच्या एका खेड्यात संशोधकांनी लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं लावून पाहिलं. तिथली मोठी माणसं तान्ह्या मुलांना उद्देशून फारच कमी बोलतात, तासाला चार मिनिटांहूनही कमी. तरी मुलं वेळेवर बोलू लागतात. त्यामुळे ‘सभेला गेलं नाही तर लेकरू मुकं राहील’ असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका.

फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीत. तिसऱ्या वर्षी मुलाला किती शब्द येतात, ‘काल काय झालं’ हे ते सांगू शकतं का, न दिसणाऱ्या वस्तूबद्दल बोलू शकतं का, यात मुलामुलांत बराच फरक असतो. तो फरक पहिलीत उघड होतो. कारण कानाला ओळखीचा असलेला शब्द डोळ्यांनी वाचणं सोपं जातं. कधी न ऐकलेला शब्द वाचता आला, तरी त्याचा अर्थ लागत नाही. मग मास्तर म्हणतात, ‘पोरगं वाचतं, पण त्याला कळत नाही.’ त्या न कळण्याची सुरुवात बरीच आधी, घरात झालेली असू शकते.

इथे एक गैरसमज दूर करू. असल्या सभांमध्ये एक आकडा हमखास ऐकायला मिळतो : गरीब घरातलं मूल शाळेत जाण्यापूर्वी 3 कोटी शब्द कमी ऐकतं. तो आला अमेरिकेतल्या बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या 1995 च्या पुस्तकातून. त्यांनी कॅन्सस सिटीमधल्या 42 घरांचा अभ्यास केला होता आणि 3 कोटी हा त्यावरून पुढे वाढवून काढलेला अंदाज होता. 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी घरातल्या इतर माणसांचं आणि मुलाच्या कानावर सहज पडणारं बोलणंही मोजलं, तेव्हा गरिबांच्या घरात शब्दांचा दुष्काळ असतो हे गृहीतकच डळमळीत झालं. म्हणून शब्द मोजत बसण्यात अर्थ नाही.

मग मोजायचं काय? तर फेऱ्या. मूल काही करतं, मोठं माणूस त्याला उत्तर देतं, मूल पुन्हा काही करतं, ही एक फेरी. 2018 मध्ये अमेरिकेत 4 ते 6 वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या घरी अशा फेऱ्या जास्त होत्या, त्यांच्या मेंदूतला भाषेचा भाग गोष्ट ऐकताना जास्त कामाला लागत होता. नुसते कानावर पडलेले शब्द किती, याला त्या मानाने महत्त्व कमी होतं. थोडक्यात, बोलणं हे फुगडीसारखं आहे, समोर दुसरं कुणी हात धरायला लागतं.

सभेत शिकवतात ती ही फेरी. सूनबाई दिवसभर नातवाशी बोलत असणारच. पण त्यातलं किती बोलणं ‘ऊठ, बस, खा, शिवू नको, तिकडं जाऊ नको’ या धाटणीचं आहे, ते एकदा ऐकून बघा. कामाच्या घाईत आपण सगळेच असं बोलतो आणि त्यात वाईट काही नाही. पण हुकमाला उत्तर नसतं. मूल ऐकतं किंवा ऐकत नाही, आणि बोलणं तिथं संपतं.

आता दुसरा प्रकार पाहा. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी तुमच्या अंगणात बांधलेली आहे, असं समजू. नातू तिच्याकडे बोट करून ‘मॅ’ म्हणतो. तुम्ही ‘हो हो, जेव आता’ म्हणालात तर फेरी मोडली. त्याऐवजी ‘हां, शेळी! शेळी काय खाती?’ असं म्हणून थांबलात, तर तो विचारात पडेल. कदाचित ‘पा’ म्हणेल. मग तुम्ही म्हणायचं, ‘पाला खाती. हिरवा पाला खाती.’ यात तुम्ही चार गोष्टी केल्या. त्याची नजर जिथं होती तिथं तुम्ही गेलात, त्या वस्तूचं नाव घेतलं, त्याच्या बोलण्यात एक-दोन शब्दांची भर घातली आणि त्याला वेळ दिला. प्रशिक्षणाचा गाभा एवढाच. त्यासाठी खेळणी विकत आणायला नकोत, की वेगळा वेळ काढायला नको. ज्वारी निवडताना, अंघोळ घालताना, भाकरी थापताना हे होतं.

या चारांत सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. दीड वर्षाच्या मुलाला ऐकलेलं समजून, उत्तर जुळवून, जीभ हलवायला काही सेकंद लागतात. आपल्याला तेवढी शांतता सोसत नाही. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. म्हणून ताई सांगतात, विचारल्यावर मनात पाचपर्यंत आकडे मोजा. उत्तर शब्दातच यायला पाहिजे असं नाही. नातवानं मान हलवली, हसला, बोट केलं, तरी ते उत्तर धरायचं.

लाडिक आवाजात बोलावं का, हेही बरेच लोक विचारतात. आवाजाला हेल देऊन, शब्द लांबवून बोललं तर मुलाचं लक्ष लागतं, तेव्हा ते जरूर करावं. फक्त शब्द पुरता ठेवावा. तो पाण्याला ‘पापी’ म्हणाला तर आपण ‘पाणी पाहिजे? हे घे पाणी’ म्हणावं. त्याला हसू नये आणि ‘नीट म्हण, पा-णी म्हण’ असा तगादाही लावू नये. बरोबर शब्द वारंवार कानावर पडला की तो आपणच सुधारतो.

असं शिकवून खरंच काही होतं का? अमेरिकेतल्या सिएटल शहरात नाया फेर्यान रामीरेझ आणि पॅट्रिशिया कूल यांनी याची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. मुलं 6, 10 आणि 14 महिन्यांची असताना पालकांना बोलावलं, त्यांच्याच घरातलं ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवलं आणि फेऱ्या कशा वाढवायच्या ते दाखवलं. 18 व्या महिन्यात या मुलांना सरासरी शंभराच्या आसपास शब्द येत होते. ज्यांच्या पालकांना काही शिकवलं नव्हतं, त्या मुलांना साठच्या आसपास. तुमच्या नातवाला पुढच्या दोन महिन्यांत शंभर शब्द आले पाहिजेत, असा याचा अर्थ काढू नका. ती तिथल्या गटांची सरासरी आहे. फरक कुठल्या बाजूला पडला, एवढंच त्यातून घ्यायचं.

‘ते श्रीमंत देशातलं झालं’ असं तुम्ही म्हणाल, म्हणून जमैकाचं उदाहरण सांगतो. 1980 च्या दशकात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुरटलेल्या 129 मुलांना निवडलं. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला मुलाशी खेळायला-बोलायला शिकवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं तर, ज्यांच्याकडे अशा भेटी झाल्या नव्हत्या त्या मुलांपेक्षा यांची कमाई 25 टक्क्यांनी जास्त होती. हीच पद्धत पुढे ओडिशातल्या खेड्यांत वापरली. तिथं घरोघरी जाऊन शिकवलं, तसंच आयांचे गट करूनही शिकवलं. मुलांच्या बौद्धिक विकासाला दोन्हींचा फायदा झाला आणि गटांचा खर्च बराच कमी आला. पालक सभा भरवण्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुमच्या गल्लीत हे कसं पोचलं ते पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 पासून चालू आहे, पण अंगणवाडीत बसून शिकणं आहे ते 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाचा अंगणवाडीशी संबंध वजन, लस आणि घरी न्यायच्या खाऊच्या पाकिटांपुरता राहिला. भाषेची मुळं धरायची नेमकी हीच वर्षं, आणि ती जातात घरात. म्हणून शिकवायचं तर घरातल्या माणसांनाच शिकवावं लागतं.

2018 मध्ये केंद्र सरकारने देशभरातून आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार होते : नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हा उस्मानाबाद म्हटला जाणारा आपला धाराशिव. त्याच वर्षी आशाताईंच्या जादा गृहभेटी सुरू झाल्या, त्याही आधी अशाच जिल्ह्यांत. बाळ 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांचं झालं की आशाताई घरी येतात. त्या वजन-आहार बघतात, तसंच बाळाशी खेळता-बोलता का, हेही विचारतात. राज्यात युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने ‘आरंभ’ हा उपक्रम उभा राहिला. त्यात पालक मेळाव्यांतून मेंदूची वाढ आणि खेळ समजावतात. 2024 मध्ये केंद्राने ‘नवचेतना’ नावाचा आराखडा काढला. त्यात जन्मापासून 36 महिन्यांपर्यंत कोणत्या वयात मुलाबरोबर काय करायचं, ते महिन्यागणिक दिलं आहे.

विचार मात्र जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडी घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. आपल्या जिल्ह्यातही अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. शिकलेलं ज्ञान गावातल्या बाईच्या हाती दिलं की ते घरात पोचतं, हा धागा या सगळ्यांत एकच आहे.

तुमच्या काळी याची गरज का भासली नाही, तेही यातूनच कळेल. घरात आत्या, काका, चुलतभावंडं होती. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन गावभर फिरायची. एकाने उत्तर दिलं नाही तर दुसरं कुणी देत होतं, म्हणून फेऱ्या मोडत नव्हत्या. आज मुलगा पुण्याला कामाला, सून शेतात आणि लेकरू एका माणसापाशी, असं किती घरांत दिसतं. भूम, परंडा, वाशी, कळंबकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली लेकरं आजी-आजोबांपाशी, बरोबर नेलेली फडाशेजारच्या कोपीत. अशा मुलाशी बोलणारी माणसंच कमी झाली, तर जी आहेत त्यांना थोडं ठरवून बोलावं लागतं. आणि जुन्या काळाचं फार कौतुकही नको. तेव्हाही चौथीत शाळा सोडणारी पोरं कमी नव्हती; त्यांच्या अडचणीचा भाषेशी काही संबंध असेल का, हे कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

तुमची दुसरी शंका कानडीची. गोंधळ होत नाही. दोन भाषा ऐकणारी मुलं पहिला शब्द साधारण त्याच वयात बोलतात. मोजताना फक्त दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरायचे. नातू मराठीत तीन आणि कानडीत तीन शब्द बोलत असेल, तर त्याला सहा शब्द येतात. एका वाक्यात तो दोन्ही भाषा मिसळेल, तेही ठीक. उमरग्याच्या बाजारात मोठी माणसं तेच करतात. सूनबाईला ज्या भाषेत गोष्ट सांगता येते, लाड करता येतात, रागावता येतं, त्याच भाषेत तिला बोलू द्या. ‘पुढं शाळा मराठी आहे’ म्हणून ती अडखळत मराठी बोलू लागली, तर लेकराला तिच्याकडून मिळणारी भाषा थोडकी होईल. मराठी द्यायला तुम्ही आहात. तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या किंवा घरात दखनी बोलणाऱ्या आयांनाही हेच लागू आहे.

तिसरी शंका मोबाइलची. याचंही उत्तर सिएटलमध्येच मिळालं आहे. 2003 मध्ये कूल यांनी 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांना 12 वेळा चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर बाई प्रत्यक्ष बसून खेळत-बोलत होती. काहींना तीच बाई, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष ऐकलेली बाळं चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. पडद्यावर पाहणारी काहीच शिकली नाहीत. कारण पडदा मुलाच्या ‘मॅ’ला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघीही सांगतात : दोन वर्षांच्या आत पडदा नको, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत फार तर दिवसाला तासभर. गाणं तुम्हीच म्हणा. आवाज बरा नसला तरी नातू तक्रार करणार नाही. बाहेरगावी असलेल्या वडिलांचा व्हिडिओ कॉल मात्र चालतो, कारण तिकडून उत्तर येतं.

वेखंडाबद्दल शेजारणीचा हेतू चांगला आहे, पण भाषा जिभेच्या टोकावर नसते, मेंदूत असते. वेखंड लावून किंवा पोपटाने टोचलेला पेरू भरवून शब्द येत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधही चाटवू नये. त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. जीभ खाली चिकटलेली असेल तर दूध ओढायला, पुढे काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, पण मूल उशिरा बोलण्याचं कारण ते नसतं. ‘मुलगे उशिराच बोलतात’ हेही ऐकून सोडून द्या. मुली सरासरीने थोड्या पुढे असतात, पण तो फरक इतका लहान आहे की त्यावर विसंबून महिनोन्‌महिने वाट बघू नये.

वाट कधी बघू नये, तेही सांगतो. वर्ष झालं तरी बाळ ‘बाबा-दादा’सारखे आवाज काढत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा कोणत्याही वयात येत असलेलं बोलणं बंद झालं, तर डॉक्टरांना दाखवा आणि आधी कानाची तपासणी करून घ्या. नीट ऐकूच येत नसेल, तर घरात कितीही बोललं तरी भागत नाही. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. त्यांना विचारा, किंवा आशाताईंना सांगा. पुढे कुठं पाठवायचं ते त्या सांगतील. तुमच्या नातवाचे चार-पाच शब्द त्याच्या वयाला ठीक आहेत. त्यात कानडी शब्द मोजले होते का, ते मात्र सूनबाईला विचारा.

राहता राहिली ती सभा. तिच्याबद्दलची तुमची तक्रार एका अर्थाने बरोबर आहे, कारण दोन तासांचं भाषण हा या प्रशिक्षणाचा सगळ्यात कमजोर प्रकार. जमैका-ओडिशातले उपक्रम चालले, ते शिकवणारीने आईसमोर मुलाशी खेळून दाखवलं, मग आईला करायला लावलं आणि पुढच्या भेटीत त्याची उजळणी घेतली म्हणून. तेव्हा पुढच्या सभेला तुम्हीच नातवाला घेऊन जा. दिवसभर तो तुमच्यापाशी असेल, तर बोलावणं खरं तुम्हालाच हवं होतं. मुलगा घरी असेल तर त्यालाही सोबत न्या, लेकराशी बोलणं हे फक्त बायकांचं काम नाही. आणि ताईंना सांगा, भाषण अर्ध्या तासात आटपा, उरलेल्या वेळात इथल्याच एखाद्या लेकराशी बोलून दाखवा. मग आम्ही करतो, तुम्ही बघा.